बोअरचे पाणी आणि नायट्रेट : उकळून न जाणारा धोका

(बंगळूरमधील बसवनगुडी येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या कुटुंबमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कामगारांच्या सभेत पाण्याचा विषय निघाला की समोरच्यांना वाटतं, आता नळाला पाणी येत नाही याचं गाऱ्हाणं होणार. ते गाऱ्हाणं खोटं नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात या शहरातल्या सुमारे चौदा हजार सरकारी बोअरवेलपैकी जवळजवळ निम्म्या कोरड्या पडल्या, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी ड्यूटी संपवून टँकरमागे बादल्या घेऊन रांगा लावल्या. पण आज मी बोलणार आहे ते न येणाऱ्या पाण्याबद्दल नाही, येणाऱ्या पाण्याबद्दल. दिसायला स्वच्छ, वास नाही, चवीलाही बरं, अशा पाण्याबद्दल. त्यात नायट्रेट असेल तर डोळ्यांना, नाकाला, जिभेला त्याचा पत्ता लागत नाही.

सभा बसवनगुडीत आहे, म्हणून आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. इथे बी. पी. वाडिया यांच्या नावाचा रस्ता आहे. १९४५ साली त्यांनी स्थापन केलेली जागतिक संस्कृतीची संस्था त्याच रस्त्यावर आहे. हे वाडिया मुंबईत जन्मलेले. २७ एप्रिल १९१८ रोजी मद्रासमध्ये बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या कामगारांची ‘मद्रास लेबर युनियन’ उभी राहिली, तिचे ते संस्थापक-अध्यक्ष. देशातल्या पहिल्या संघटित युनियनपैकी ती एक. तिच्या सुरुवातीच्या मागण्यांत दुपारच्या जेवणाच्या अपुऱ्या सुट्टीचा प्रश्न होता. म्हणजे संघटनेची सुरुवातच पोटाच्या प्रश्नापासून झाली. तेव्हा पाण्याचा विषय युनियनच्या कक्षेत येतो का, हे विचारायची गरज नाही.

आता बसवनगुडीकडेच बघा. १८९० च्या दशकात जुन्या पेठेबाहेर ही वस्ती आखली गेली. १८९८ साली हुबळी-धारवाडकडून रेल्वेच्या वाटेने प्लेग बंगळुरात शिरला, पेठेतली माणसं बाहेर पडली आणि मग ही वस्ती झपाट्याने भरली. रुंद रस्ते, घरामागे अंगण, अंगणात विहीर. आणि घरांच्या पाठीमागून जाणाऱ्या अरुंद गल्ल्या. त्यांना कॉन्झर्व्हन्सी गल्ल्या म्हणत. आजही त्या दिसतात. त्या कशासाठी होत्या ते तरुण मंडळींना माहीत नसेल. मैला वाहून नेणाऱ्या कामगाराने पुढच्या दाराने दिसू नये, मागच्या मागे टोपली भरून जावं, यासाठी. शहराच्या आरोग्याचा हिशेब करणाऱ्यांनी त्या कामगाराच्या आरोग्याचा हिशेब कधी मांडला नाही, तो वेगळा आणि फार मोठा विषय आहे.

पण एक गोष्ट खरी की मैला उचलला जात होता. पुढे टोपली गेली, काही ठिकाणी शौचखड्डे आले, मग जमिनीखालून ड्रेनेजचे नळ आले. नळ जुने झाले, सांधे सुटले, एका घराच्या जागी चार मजली इमारत उभी राहिली आणि त्याच नळावर भार वाढला. इथल्या बसवाच्या पायाशी वृषभावती नदी उगम पावते अशी श्रद्धा आहे; त्या वृषभावतीचं आज काय झालंय हे म्हैसूर रस्त्याने जाणाऱ्याला नाकानेच कळतं. केंपेगौडांच्या काळातला केंपांबुधी तलाव इथून हाकेच्या अंतरावर. एके काळी लोक त्याचं पाणी पीत. नंतर त्यात सांडपाणी शिरलं. आणि रेल्वेतल्या मित्रांना हे सांगायलाच हवं, की सिटी स्टेशनसमोरचा मोठा बस स्टँड ज्या जागेवर आहे, तिथे धर्मांबुधी तलाव होता. पेठेला पाणी देणारा तलाव आपण बुजवला आणि पाण्यासाठी जमिनीत भोकं पाडली.

ही भोकं कशात पाडली? लालबागेतला तो मोठा काळसर खडक तुम्ही पाहिला असेल. मुलं त्यावर घसरगुंडी खेळतात. भूवैज्ञानिकांनी त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला आहे, वय सुमारे तीनशे कोटी वर्षं. ब्यूगल रॉकचा खडकही तसलाच. शहर उभं आहे ते या कठीण खडकावर. अशा खडकात पाणी वाळूत मुरावं तसं साठत नाही. वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खालच्या भेगांत ते राहतं. वर गटाराचा नळ फुटलेला असेल तर मुरूम त्याचं पाणी घेतो, भेग ते पुढे नेते, आणि पाचशे फुटांवरच्या बोअरचा केसिंग पाइप वरच्या थरात नीट बसवलेला नसेल तर तेच पाणी पाइपाच्या कडेने आत उतरतं. खोल बोअर म्हणजे शुद्ध पाणी, हा समज डोक्यातून काढून टाका.

नायट्रेट येतं कुठून? शेतात युरियातून आणि शेणाच्या उकिरड्यातून, शहरात मुख्यतः सांडपाण्यातून. आपल्या लघवीत नायट्रोजन असतो. जमिनीतले जिवाणू त्याचा आधी अमोनिया, मग नायट्राइट, मग नायट्रेट करतात. मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, नायट्रेटवरही ऋणच, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. जंतूंना माती गाळते, नायट्रेट मात्र बिनतिकीट प्रवाशासारखं सगळ्या टीसींच्या समोरून पार होतं. हिशेब करून बघा. एका माणसाच्या शरीरातून दिवसाला आठ ग्रॅम नायट्रोजन बाहेर पडतो असं धरलं आणि तो सगळाच्या सगळा नायट्रेट होऊन जमिनीत उतरला, तर सुमारे पस्तीस ग्रॅम नायट्रेट होतं. एवढं नायट्रेट साडेसातशे लिटरहून जास्त पाणी पिण्याच्या मर्यादेपर्यंत आणायला पुरतं. सगळं काही उतरत नाही, हे उघड आहे. पण शहरात माणसं किती आणि नळांचे फुटके सांधे किती, तेही लक्षात घ्या.

ही मर्यादा म्हणजे भारतीय मानक, लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट. इतर काही घटकांना मानकात सवलत आहे, म्हणजे दुसरं पाणीच नसेल तर थोडं जास्त चालेल अशी. नायट्रेटला ती सवलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा ५० आहे.

हा ४५ आकडा आला कुठून, ते ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेत आयोवा राज्यात हंटर कॉम्ली नावाच्या डॉक्टरांनी १९४५ साली निळ्या पडणाऱ्या तान्ह्या मुलांबद्दल लिहिलं. मूल दवाखान्यात सुधारायचं, घरी नेलं की पुन्हा निळं पडायचं. हृदयाचा दोष नाही, फुप्फुसाचा नाही. शेवटी लक्ष गेलं ते घरच्या विहिरीकडे. वरचं दूध त्या विहिरीच्या पाण्यात कालवलं जात होतं आणि पाण्यात नायट्रेट भरपूर होतं. पुढे १९५१ साली तिथल्या अशा नोंदी गोळा झाल्या, तेव्हा ठरावीक पातळीखालच्या पाण्याने मूल निळं पडल्याचं आढळलं नाही. तीच पातळी मर्यादा झाली. म्हणजे हा आकडा तान्ह्या मुलाच्या तातडीच्या धोक्यावरून ठरला. तीस वर्षं रोज तेच पाणी पिणाऱ्या कामगाराचा विचार करून तो काढलेला नाही.

मुलाच्या शरीरात काय होतं, ते रेल्वेच्या भाषेत सांगतो. रक्तातलं हिमोग्लोबिन म्हणजे प्राणवायू वाहणारे वॅगन. फुप्फुसात भरायचे, अवयवांपाशी रिकामे करायचे. पोटातले जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात, आणि नायट्राइट रक्तात गेलं की हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं रूप बदलतं. वॅगन रुळावर आहे, पण त्यात माल भरता येत नाही. आपण ज्याला सिक वॅगन म्हणतो, तोच हा. डॉक्टर त्याला मेटहिमोग्लोबिन म्हणतात. मोठ्या माणसाच्या शरीरात असे वॅगन रोज थोडे होतातच, शेकडा एकाच्या आसपास, आणि ते दुरुस्त करणारं एक विकर सतत काम करत असतं. सहा महिन्यांच्या आतल्या मुलाची ही सिक लाइन पुरती उभी राहिलेली नसते. तिथे माणसंच कमी. शिवाय त्याच्या पोटात आम्ल कमी, त्यामुळे नायट्राइट करणारे जिवाणू जास्त वाढतात. आणि वजनाच्या मानाने ते पाणी किती पितं बघा! शेकडा दहाच्या पुढे वॅगन सिक झाले की ओठ, नखं, कातडी निळसर-राखाडी दिसू लागते. निम्म्याच्या पुढे गेले तर जिवाशी गाठ. काढलेलं रक्त चॉकलेटच्या रंगाचं दिसतं. वेळेत ओळखलं तर यावर उपाय आहे, मिथिलीन ब्ल्यू नावाचं औषध शिरेतून देतात. ते डॉक्टरचं काम. आपलं काम एवढंच की मूल निळं दिसलं तर दृष्ट काढत न बसता दवाखाना गाठायचा, आणि घरात पाणी बोअरचं आहे हे डॉक्टरला आपण होऊन सांगायचं. ते विचारतीलच असं नाही.

भगिनींनी इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. आई नायट्रेटचं पाणी पीत असली तरी तिच्या दुधात ते फार थोडं उतरतं. म्हणून पहिले सहा महिने अंगावरचं दूध, वर पाणीही नको, हा डॉक्टरांचा सल्ला या बाबतीतही मुलाचं रक्षण करतो. पण टपाल खात्यातली एखादी बहीण बाळंतपणाच्या रजेवरून परत आली, किंवा रोजंदारीवरच्या बहिणीला रजाच मिळाली नाही, तर डब्यातली पावडर कोणत्या पाण्यात कालवायची हा प्रश्न येतोच. ती बोअरच्या पाण्यात कालवू नका. आणि उकळून तर मुळीच नको.

हो, बरोबर ऐकलंत. आपल्या आयांनी शिकवलंय की शंका आली तर पाणी उकळा. कॉलऱ्याला, काविळीला, विषमज्वराला ते शंभर टक्के बरोबर आहे. नायट्रेट मात्र उकळून जात नाही. पाण्याची वाफ होते, नायट्रेट भांड्यात राहतं, म्हणजे लिटरमागचं प्रमाण उलट वाढतं. तुरटीने जात नाही. टीसीएल पावडरने जात नाही. मेणबत्तीच्या फिल्टरने जात नाही, यूव्हीच्या दिव्याने जात नाही. जातं ते आरओ यंत्राच्या पडद्याने किंवा आयन-विनिमयाच्या यंत्राने. आरओचीही एक गंमत आहे. विकणारा माणूस टीडीएसचा मीटर बुडवून दाखवतो, आकडा कमी झाला की गृहिणी खूश. तो मीटर सगळ्या क्षारांची बेरीज दाखवतो, त्यात नायट्रेट किती हे सांगत नाही. पडदा जुना झाला, किंवा चव यावी म्हणून कच्चं पाणी थोडं मिसळायची चावी जास्त उघडी राहिली, तर नायट्रेट पुन्हा आत. शिवाय घरगुती यंत्रात लिटरभर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत जातं. २०२४ सारखा उन्हाळा असेल तर हे कोणाला परवडणार? ज्याची ऐपत आहे त्याने यंत्र घ्यावं आणि गँगमनच्या घरी मात्र बोअर, ही व्यवस्था मला मान्य नाही.

मोठ्या माणसांचं काय? इथे शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने म्हटलं, की पोटात ज्या परिस्थितीत नायट्रेट-नायट्राइटपासून नायट्रोसो संयुगं तयार होतात, त्या परिस्थितीत ते माणसाला बहुधा कर्करोगकारक आहे. २०१८ साली डेन्मार्कमध्ये सुमारे २७ लाख प्रौढांच्या नोंदी तपासल्या गेल्या. मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण लिटरमागे चार मिलिग्रॅमच्या आसपासच वाढलेलं दिसलं, म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या कितीतरी खाली. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, नुसता संबंध दिसतो. म्हणून घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. पालक, बीट यांतही नायट्रेट असतं. पण भाजीबरोबर क जीवनसत्त्व येतं, ते ही घातक संयुगं होऊ देत नाही. पाण्याबरोबर ते येत नाही. राजस्थानात लिटरमागे २६ पासून ४५९ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट असलेल्या गावांची पाहणी झाली, तेव्हा रक्तातला दोष मुलांपुरता न राहता सगळ्याच वयांत आढळला. उन्हात राबणारा माणूस दिवसाला पाच-सहा लिटर पाणी पितो. रुळावर खडी सारणाऱ्याची आणि खुर्चीवर बसलेल्या साहेबाची तहान सारखी धरून केलेलं गणित आपल्या कामाचं नाही.

प्रश्न केवढा आहे? केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशभरातले पंधरा हजारांवर नमुने होते. जवळजवळ पाचातला एक नमुना ४५ च्या वर. राजस्थान आणि कर्नाटकात तर निम्म्याच्या आसपास, कर्नाटकाचा आकडा सुमारे ४९ टक्के. महाराष्ट्र सुमारे ३६ टक्के, आणि जास्त त्रस्त जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ. आपल्यापैकी किती जणांचं घर या जिल्ह्यांत आहे? निवृत्तीनंतर तिथेच जाऊन विहिरीचं पाणी प्यायचं आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली तेव्हा पहिल्या खेपेला पाच लाख लिटर पाणी होतं. वॅगन आधी वाफेने धुऊन घेतले होते. पाणी वाहणारं भांडं स्वच्छ हवं हे रेल्वे कामगाराला शिकवावं लागत नाही.

बंगळुरात नळाला कावेरीचं प्रक्रिया केलेलं पाणी येतं, त्यात सहसा हा दोष नसतो. ते शंभर किलोमीटरवरून, सुमारे पाचशे मीटर उंच चढवून येतं. १९७४ साली पहिला टप्पा झाला, ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचवा सुरू झाला. पण घरापाशी आल्यावर काय होतं? इमारतीच्या खाली एकच सम्प. त्यात कावेरी, त्यातच बोअर, त्यातच टँकर. गच्चीवरच्या टाकीत गेल्यावर कोणाला कळणार कोणतं पाणी कुठलं? आणि आपल्या कचेऱ्या? टपाल कचेऱ्या कितीतरी ठिकाणी भाड्याच्या जागेत आहेत, मालक बोअर मारून मोकळा.

आता कामाचं. पिण्याचं पाणी ही मालकाची मेहेरबानी नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या अठराव्या कलमात पिण्याच्या पाण्याची जागा मोरी, मुतारी, संडास, उघडं गटार यांपासून सहा मीटर दूर असावी आणि तिथे बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत पाटी असावी असं लिहिलेलं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या व्यवसाय सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीच्या संहितेने घेतली. पिण्याचं पाणी पुरवण्याचं कर्तव्य तिच्यातही आहे. सहा मीटरचा तो नियम जमिनीवरचा होता. जमिनीखालचं अंतर कोण मोजणार?

मोजायचं आपल्यालाच. रेल्वेचे आरोग्य निरीक्षक येतात, पाण्यात क्लोरीन आहे का बघतात, जंतूंसाठी नमुना पाठवतात. ते काम चांगलं आणि आवश्यक आहे. पण जंतूंचा अहवाल ‘पिण्यास योग्य’ आला म्हणजे नायट्रेट तपासलं गेलं असं नाही. त्यासाठी रासायनिक तपासणी लागते आणि ती लेखी मागावी लागते. मागणी अशी करा : आमच्या क्वार्टरला, आमच्या कचेरीला पाणी देणाऱ्या प्रत्येक बोअरची नायट्रेटची तपासणी वर्षातून दोनदा व्हावी, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर, कारण पावसाने आकडा बदलतो, आणि निकाल नोटीस बोर्डावर लागावा. जो बोअर मर्यादेच्या वर असेल त्याचा पाइप पिण्याच्या टाकीपासून तोडावा. झाडांना, संडासाला, गाडी धुवायला ते पाणी चालतं.

निकाल आला की एकक आधी वाचा. एका वसाहतीत, नाव सांगत नाही, अहवालात ११.८ हा आकडा होता आणि मर्यादा ४५ म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. मी कागद हातात घेतला, तर लिहिलं होतं ‘नायट्रेट, नायट्रोजन म्हणून’. त्या पद्धतीने आकडा दिलेला असेल तर त्याला ४.४३ ने गुणावं लागतं. गुणाकार झाला ५२. दोन महिने तो कागद बोर्डावर होता आणि लोक तेच पाणी पीत होते.

टपालातल्या मित्रांकडे माझी वेगळी विनंती आहे. १८९२ साली बंगालमध्ये टपाल कचेऱ्यांतून हिवतापावरच्या क्विनाईनच्या पुड्या एका पैशाला विकल्या जाऊ लागल्या. औषध घरापर्यंत पोहोचवणारी यंत्रणा दुसरी नव्हतीच. आजही कोणत्या गल्लीत कोणत्या घरी तान्हं मूल आहे, कोणत्या इमारतीत टँकर येतो, हे पोस्टमनइतकं कोणाला माहीत असतं? ५६०००४ या पिनकोडाची बीट करणाऱ्या चार जणांनी मनावर घेतलं, तर बसवनगुडीतल्या बोअरची यादी आठवड्यात तयार होईल.

बाहेर टेबलावर रिकाम्या बाटल्या ठेवल्या आहेत. नमुना घेताना पंप पाच मिनिटं चालू द्या, टाकीतून नाही, बोअरच्या तोंडाजवळच्या नळातून घ्या. त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळा, काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा. लगेच बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवा आणि चोवीस तासांच्या आत पोहोचवा, उशीर झाला तर बाटलीतले जिवाणू आकडा बदलतात. बाटलीवर आपलं नाव नको, क्वार्टर नंबर किंवा कचेरी, बोअरची खोली माहीत असेल तर ती, तारीख आणि वेळ एवढं लिहा. बाटल्या साठच आहेत, तेव्हा एका बोअरच्या दोन नेऊ नका. शेजाऱ्याशी आधी बोलून घ्या.